चारशे एकोणीस नवरदेव

चारशे एकोणीस! नाही, हसू नका, आधी आकडा नीट ऐका... चारशे एकोणीस वेळा एकच गाणं, तीच चाल, तोच ढोल, तीच गायिका, आणि तरी माझी बहीण यादीत नाही! अठरावी नाही, विसावी नाही, यादीतच नाही! आणि लोक मला विचारतात, दिनेश, तुझ्या बहिणीचं गाणं तर आख्ख्या जिल्ह्यात वाजतंय, मग तू तोंड पाडून का फिरतोस? का फिरतो? सांगतो की. एकच गाणं हवं होतं हो मला, एकच!

रविना म्हणजे माझ्या काकांची मुलगी. अक्कलकुव्याच्या वर डोंगरात आमचा पाडा. आवाज असा, की मंडपात ती पहिली ओळ उचलते आणि चुलीकडच्या बायका पातेली तशीच टाकून ऐकायला येतात. भात लागतो. आमच्याकडे लग्नातला भात करपला की समजायचं, रविना आली होती.

आता सुरतची एक गाण्यांची कंपनी आहे, तिचं एक ॲप आहे, आणि दर शुक्रवारी ते आपल्या पट्ट्यातली सगळ्यात जास्त वाजलेली वीस गाणी जाहीर करतात. यंदा होळीला त्यांनी सांगितलं, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात जे गाणं एक नंबरला असेल, त्याच्या गायकाची आठ गाणी खऱ्या स्टुडिओत, नाव छापून, फोटोसकट! मी यादी बघितली. वीस गाणी, वीस बाप्ये! अहो, आमच्या बोलीतलं गाणं सांभाळलं कोणी? बायांनी. लग्नात, शेतात, ऊसतोडीला जाताना ट्रकमध्ये बसून गायलं कोणी? बायांनी. आणि यादीत एक बाई नाही? माझं रक्त तापलं. तुम्हाला सांगतो, मी लोणखेड्याला कॉलेज केलंय, मातृभाषेवर दोन निबंध लिहिलेत, रक्त तापायला मला वेळ लागत नाही. मी त्याच दिवशी पाड्यावर जाहीर केलं, आखाजीला रविना एक नंबर! रविना दळत होती. ती म्हणाली, बरं.

झालं! वाहरूच्या लग्नात तिने गायलेलं गाणं आम्ही घेतलं. वाहरू आमच्या शेजारचा. गाणं म्हणजे नवऱ्याला चिडवायचं. आमच्या बोलीत आहे, तुम्हाला नुसता अर्थ सांगतो... बूट मामाचे, घड्याळ भावाचं, गॉगल जीपवाल्याचा, अरे वाहरू, तुझं स्वतःचं काय? आणि सगळ्या बायांनी एका दमात ओरडायचं, घाम! बस. एवढंच गाणं. पण एकदा ऐकलं ना, की माणूस दोन दिवस दुसरं काही बोलूच शकत नाही.

रेकॉर्डिंग कुठे? सलीमभाईंकडे. अक्कलकुव्यात त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आणि मागच्या खोलीत स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे काय, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला गोधडी, मध्ये माइक. आणि पंखा बंद! पंख्याचा आवाज येतो ना. एप्रिल महिना, अक्कलकुवा, बंद खोली, पंखा बंद... घाम या शब्दाला असा भाव कुठल्या मोठ्या गायिकेने ओतला असेल? सांगा ना!

सलीमभाईंनी गाणं ॲपवर टाकलं. पहिल्या शुक्रवारी यादीत अठरावं. पुढच्या शुक्रवारी अकरावं! मी नाचायचाच राहिलो होतो. नाही, खोटं कशाला सांगू, नाचलो. सलीमभाईंच्या दुकानासमोर, भर रस्त्यात. एक बस थांबली होती.

आणि तिथेच माशी शिंकली. तळोद्याकडे दलसिंग नावाच्या पोराचं लग्न. डीजेवाल्याने आपलं गाणं लावलं. ऐन रंगात आवाज घुमला, अरे वाहरू, तुझं स्वतःचं काय? आणि मंडप एकदम गप्प. का? तर नवरीला मागच्या वर्षी एका वाहरूचं स्थळ आलं होतं, आणि तिच्या बापाने ते परत पाठवलं होतं! आता दलसिंगच्या आईला वाटलं, नवरीकडच्यांनी मुद्दाम लावलं. नवरीच्या बापाला वाटलं, नवऱ्याकडच्यांनी टोमणा मारला. डीजेवाल्याला दोन्हीकडून बोलणी. दुसऱ्या दिवशी दलसिंग स्वतः, अंगाची हळदसुद्धा गेली नव्हती, सलीमभाईंच्या दुकानात हजर. म्हणाला, माझ्या नावाचं गाणं करून द्या. माझ्या लग्नात मलाच चिडवलं नाही, तर मी नवरा कसला?

बरोबर आहे हो त्याचं! पण गाणी दोन झाली की नाही? एकाची दोन! मी आडवा आलो. मी म्हटलं, थांबा, कॉलेज शिकलेला माणूस अशा वेळी काय करतो? मधला मार्ग काढतो. मी म्हटलं, नावच काढून टाकू. वाहरू नको, दलसिंग नको, नुसतं नवरदेवा म्हणायचं. सगळ्यांचं गाणं! एकच गाणं हवं होतं मला, एकच! रविनाने तसं गायलं. मी ते मोलगीच्या बाजारात आमच्या आत्याला ऐकवलं. आत्या म्हणजे रमिलाबाई, रविनाची गुरू म्हणा, चाळीस वर्षं लग्नांत गातेय. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "दिन्या, हे कोणाला म्हणतेय ती? वाऱ्याला?"

मी म्हटलं, आत्या, हे सगळ्यांना आहे.

"नाव घेऊन चिडवलं तर ती माया असते," आत्या म्हणाली. "नाव न घेता चिडवलं तर ती नुसती शिवी." आणि मिरच्या निवडायला लागली.

मी दोन निबंध लिहिलेत भाषेवर. दोन. त्यात हे एक वाक्य नाही.

बिननावाचं गाणं आपटलं, ते सांगायलाच नको. आणि मग जे सुरू झालं... सकाळी नऊ वाजता दुकान उघडायच्या आधी रांग. कोणी नवरा, कोणी नवऱ्याचा भाऊ, कोणी आजी. प्रत्येकाला आपल्या नावाचं गाणं, तेही ॲपवर. आणि नुसतं नाव बदलून चालेल? छे! शहाद्याकडून एक अहिराणी भाऊ आला, आमची बोली त्याला ओ की ठो कळत नाही, तरी म्हणतो, "ताई, मन्हा धाकला भाऊनं लगीन शे, त्यानं नाव टाकी द्या. पन बूट मामाना नका सांगू, मामा रुसी जाई. बूट फुवाना सांगा." आणि रविना मान डोलावते! फुवाचे, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचे, बूट, आजोबांचं घड्याळ, गॉगल गावच्या सरपंचाचा... एक जण म्हणाला, माझे बूट खरंच माझे आहेत. तिने त्याचाही उपाय काढला. तिने गायलं, बूट स्वतःचे, पण पाय बापाचे. तो माणूस खूश होऊन गेला!

दिवसाला पंधरा, दिवसाला वीस. तिला मी सांगायचो, रविना, नाही म्हण. ती म्हणायची, बरं. आणि पुढच्याला आत घ्यायची. इकडे वाहरूचं गाणं अकरावरून सतरावर, सतरावरून यादीच्या बाहेर. ऐकणार कोण? प्रत्येकाकडे स्वतःचं आहे ना! मी रस्त्यावर उतरलो. अक्षरशः. मोलगीच्या बाजारात, धडगावच्या स्टँडवर, मिळेल त्या मंडपात जेवणाच्या पंगतीत उभा राहून भाषणं केली. बंधू-भगिनींनो, एकच गाणं ऐका, वाहरूचंच ऐका, आपल्या बोलीसाठी ऐका! लोक ऐकून घ्यायचे. एक आजी म्हणाली, पोरगा चांगला आहे, याचं लग्न झालं नाही वाटतं.

शेवटी मी बेरीज केली. चारशे एकोणीस गाणी, सगळ्यांचे आकडे एकत्र... अहो, एक नंबरच्या तिप्पट! तिप्पट! मी तडक सुरतला फोन लावला. पलीकडून एक ताई. मी समजावलं, ताई, हे सगळं मिळून एकच गाणं आहे. ती म्हणाली, "सर, सिस्टम में नाम अलग, तो गाना अलग." मी म्हटलं, चाल एक, ढोल एक, गायिका एक, घाम एक! ती शांतपणे म्हणाली, "सर, पसीने का हमारे यहाँ कॉलम नहीं है."

आखाजीच्या यादीला पाच दिवस राहिले. मी घामाघूम होऊन त्या अंड्यांच्या खोलीत घुसलो आणि रविनाला म्हटलं, आजपासून बंद. एकही नवं नाव नाही. पाच दिवस जिल्हाभर फक्त वाहरू वाजवू, नाहीतर तुझं नाव कधीच कुठे छापलं जाणार नाही, कळतंय का तुला? सगळ्यांची नावं गातेस, तुझं कोण घेतं?

ती पहिल्यांदाच बरं म्हणाली नाही. तिने कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे एक म्हातारा बसला होता, मांडीवर पिशवी. "हे रेवजीबाबा," ती म्हणाली. "मणिबेलीहून आलेत. आधी बोटीने, मग जीपने. नातवाचं लग्न आहे. दादा, तूच सांग त्यांना, की तुम्ही एक नंबर नाही."

मी तोंड उघडलं. म्हातारा हळूच म्हणाला, मला तीन भाऊ. गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा तिघांना गुजरातेत तीन वसाहतींत घरं मिळाली, आता कोण आजारी, कोण थकलेला, लग्नाला कोणी येणार नाही. त्याचं एवढंच म्हणणं होतं, बूट थोरल्याचे म्हण, घड्याळ मधल्याचं म्हण, गॉगल धाकट्याचा म्हण. "नावं वाजली की मंडपात आल्यासारखे वाटतील," तो म्हणाला.

मी वळलो आणि मीच पंखा बंद केला.

रविना गायली. सलीमभाई मान खाली घालून बटणं दाबत होते. बाबा गाणं खिशात घेऊन गेले. मी भिंतीला टेकून बसलो. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हातात सलीमभाईंचा मोबाइल, कारण माझा फोन मी मोलगीत भाषण करताना फोडला होता, आणि तोंडाने अजून पुटपुटत होतो, एकच गाणं, एकच... रविनाने माझ्याकडे बघितलं. माइक चालूच होता. आणि ती सुरू झाली! चप्पल काकाची, मोबाइल सलीमचा, आकडा सुरतचा, अरे दिनेश, तुझं स्वतःचं काय? आणि दुकानात जेवढे गिऱ्हाईक होते, सगळे एका दमात, घाम!

मी हसलो. मनापासून हसलो हो. नाव घेऊन चिडवलं होतं ना. माझं लग्न नाही की काही नाही, तरी पहिल्यांदा कोणी मंडपात बसवल्यासारखं वाटलं. म्हटलं, ठीक आहे, नाही झालं तर नाही झालं. घरी गेलो, झोपलो.

सलीमभाईंनी ते गाणं त्या ॲपवर टाकून दिलं. मला न विचारता! म्हणाले, "दिनेशभाई, ये गाना भी अपना ही बच्चा है, म्हटलं राहू दे."

आता विचार करा. वाहरू म्हटलं की कुठल्या तरी मंडपात एखादा वाहरू निघतोच, आणि भांडण होतं. पण दिनेश कोणाचा कोण? कोणाच्या पोरीला त्याचं स्थळ आलेलं नाही, कोणाचा तो जावई नाही. आणि ओळखतं कोण? सगळे! इतके दिवस मीच बाजाराबाजारात उभा राहून तोंड दाखवलेलं! अरे, हा तोच, एकच गाणं ऐका म्हणणारा! जीपवाले लावायला लागले, डीजेवाले लावायला लागले, लोणखेड्याला माझ्या कॉलेजच्या हॉस्टेलवर पोरं नाचली, शहाद्याच्या त्या अहिराणी भाऊने स्वतःच्या भावाचं बंद करून माझं लावलं! ॲपवरच्या रोजच्या आकड्यांत मंगळवारी नववं. गुरुवारी तिसरं. आणि आखाजीच्या शुक्रवारी... एक नंबर! रविना! एकोणीसजणांच्या डोक्यावर एक बाई! तिचं नाव, आपल्या बोलीत, सगळ्यात वर! मी पुन्हा नाचलो. तीच बस थांबली होती.

आठ गाणी झाली खऱ्या स्टुडिओत. तिथे पंखा नाही, एसी आहे. रविना म्हणाली, दादा, इथे घाम म्हणताना जोर येत नाही. तरी गायली. नाव छापलंय, फोटो आहे, आत्याने तो फोटो डब्यात ठेवलाय. वाजतंय सगळीकडे. एकच गाणं हवं होतं ना मला? घ्या! मिळालं!

तेव्हा तुम्हाला सांगतो, परवाचीच गोष्ट. अक्कलकुव्याहून जीपने वर चाललो होतो. जीप खच्चून भरलेली, आणि जीपवाल्याने लावलंय तेच. सगळे गुणगुणतायत. शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, बेटा, नाव काय तुझं? आता काय सांगायचं? दिनेश सांगितलं तर आख्खी जीप ओरडणार. मी आपलं हळूच म्हटलं, वाहरू.

जीपवाल्याने गाणं बंद केलं. मागे वळून माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाला, "वाहरू का? माझा गॉगल कुठंय रे?"

मी घाम पुसला.