डबकं असतं तर

"आजी, आपलं कुइकायार्वी सरोवर आहे की नुसतं डबकं?"

ते डबकंच आहे अशी शहरातल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून बसच्या रांगेतल्या दोन आज्यांना मी विचारलंच.

"डबकं? हिल्क्का, ऐकलंस?"

"ऐकलं! पोरी, तुझ्या वयाची असताना मी पोहत पलीकडे गेलेय."

"आणि हिचा बाप शेजारून होडी वल्हवत होता!"

"अर्ध्यात दमले. म्हटलं, बाबा, होडीत घ्या."

"घेतलं?" मी विचारलं.

"छे गं! म्हणाला, डबकं असतं तर घेतलं असतं."

"मग, हिल्क्का?"

"मग काय, पोचले! बाप वर्षभर गावाला सांगत फिरला."

घरात शिरताच मी जाहीर केलं, "आईबाबा, उन्हाळ्यात मी सरोवर पोहून पार करणार. बाबा, होडीला डांबर लावून ठेवा. आणि मी कितीही दमले, तरी मला आत घ्यायचं नाही!"