वर काहीच नसलेला खांब

— तेच विचारतोय मी, निहार, की खांब माझ्या मुक्ताचा आणि न्यायला तुम्ही का? बसा ना, बसा. बूट तिथेच काढा, शेजारीणबाई जिन्यातली वाळू बघून चिठ्ठी लावते दारावर. नाव ऐकून आहे मी तुमचं. दोन महिने झाले मला म्युनिकला लेकीकडे येऊन आणि या दोन महिन्यांत तिच्या तोंडी दोनच शब्द — निहार आणि हंगेरी. तुम्ही इथे युनिव्हर्सिटीत लाकडावर पीएचडी करता, बरोबर? लाकडावर! असो. मग मला सांगा, चांगली आर्किटेक्ट मुलगी, पक्की नोकरी, एवढ्या मारामारीनंतर मिळालेलं हे घर — आणि सगळं सोडून हंगेरीतल्या कुठल्याशा खेड्यात घरं बांधायला जायचं म्हणते, तर हे तिच्या डोक्यात भरवलं कोणी? मी आरोप करत नाही हं. मी फक्त विचारतोय.

फोटो पाहिलेत मी त्या घरांचे. तिनेच दाखवले, कौतुकाने. छप्पर असं खाली जमिनीपर्यंत आलेलं, कोंबडी अंड्यांवर बसते तसं, आणि त्यात खिडक्या म्हणजे डोळे — पापण्यांसकट! आत खांबांच्या जागी झाडं. साल काढलेली, फांद्यांसकट उभी झाडं, त्यांच्यावर छप्पर. मी म्हटलं, अगं, याचं लोड कॅल्क्युलेशन कुणी केलं? तर म्हणते, बाबा, तिथले आर्किटेक्ट आधी गावातल्या म्हाताऱ्यांपाशी जाऊन बसतात, जुनी शेतघरं बघतात, बायकांचं भरतकाम बघतात, मग कागदाला हात लावतात — घर जमिनीतून उगवल्यासारखं दिसलं पाहिजे. उगवल्यासारखं! पस्तीस वर्षं पीडब्ल्यूडीत काढली मी, तीन पूल उभे केले, एकही उगवला नाही. हसू नका. आधी मला वाटलं, फॅशन असेल. पण मग कुजबुज सुरू झाली — मी खोलीत आलो की फोन बंद. ‘आल्झो’ — म्हणजे ‘बरं तर’ — ‘नंतर बोलते.’ शनिवारी हंगेरीला जायला गाडी ठरवलेली, तिघांची. मेल उघडा राहिला होता म्हणून दिसलं, मी मुद्दाम बघायला गेलो नव्हतो — बरं, गेलो होतो. तुम्ही दोघं, आणि तिसरं कोण ते लिहिलेलं नाही. तुम्हीच सांगा, बापाने काय समजायचं?

आणि परवा तो खांब! बटाटे आणायला खाली केलरमध्ये, तळघरात, उतरलो, तर कोपऱ्यात चादरीत गुंडाळून ठेवलेला. माझ्या कमरेच्या जरा वर, ओकचा, एका ओंडक्यातून कोरलेला. इंजिनियर माणूस मी, आधी वरचं टोक बघितलं — तुळई बसायला खाच नाही, सपाटी नाही, नुसती एक कळी. मग खांब कशाला, वर काही ठेवायचंच नसेल तर? आणि अंगभर चिन्हं. सूर्य, चंद्र, गुरांच्या खुरांचे ठसे, एक कासव, एक फणी. फणी! कुणाची फणी, कुणाचे केस — काटा आला माझ्या अंगावर. इंटरनेटवर शोधलं, तर हंगेरीत असले कोरीव खांब थडग्यावर उभे करतात. मुलगी थडग्याचा खांब घरात आणून लपवते, आणि मी गप्प बसू? ही पंथबिंथाची भानगड आहे. मी ओळखतो असली माणसं. गोड बोलतात, पोरी नादाला लागतात.

हो. हलवला मी. त्यात काय! आज दुपारी भाजीच्या ट्रॉलीवर आडवा घातला आणि ओढत नेऊन खाली रस्त्यावरच्या बाकड्याशेजारी ठेवला. इथे लोक ठेवतात ना, नको झालेल्या खुर्च्याबिर्च्या, वर कागद लावून — त्सू फेरशेंकन, ज्याला हवं त्याने न्या म्हणून. शेजारणीच्या खोक्यावरून अक्षर न् अक्षर उतरवून काढलं मी. मघाशी एक निळ्या टोपीची बाई सायकलगाडी थांबवून निरखत होती. — असे उठलात काय? बसा. चहा ठेवतो.

काय दाखवताय मोबाइलवर? थांबा, चष्मा — अहो, हे तर आमचं दार! पुण्याचं. उंबऱ्यासमोर शैलाने काढलेलं चैत्रांगण. शैला, माझी बायको. चैत्र लागला की महिनाभर रोज काढायची. सूर्य, चंद्र, गोपद्मं, कासव, फणी-करंडा —

फणी.

म्हणजे हंगेरीत खांबावरची चिन्हं माणूस कसा जगला ते सांगतात? आणि बाईच्या खांबावर ट्युलिपची कळी असते म्हणून मुक्ताने कमळाची — मुक्ताने? स्वतः कोरला? सुट्ट्यांत तिथे जाऊन शिकली? मी तीस वर्षं ती रांगोळी ओलांडून ऑफिसला गेलो हो. पाय पडू नये एवढंच बघायचो. काय काढलंय ते कधी — आणि गाडीतली तिसरी जागा माझी. शैलाचा खांब उभा करायला मलाच न्यायचं होतं तिला.

तुम्हाला माहीत नसेल. की सांगितलंय तिने? शैला आजारी पडली तेव्हा मुक्ताची इथे शेवटची परीक्षा होती. मी कळवलंच नाही. फोन आला की सांगायचो, आई देवळात गेलीय, आई झोपलीय. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मला एका शब्दाने बोलली नाही. मला वाटायचं, विसरली.

ते बाकडं दिसतं या खिडकीतून. सरका जरा.

कागद आहे. नुसता कागद.

नका धावू. कुठे शोधणार, सायकलवाली ती. आणि तो फोन ठेवा खाली, तिला लावू नका. मुक्ता सहाच्या एस-बानने, लोकलने, येते. एकदा लपवलंय मी तिच्यापासून, हे मीच सांगणार, समोर उभं राहून. चहा राहिला तुमचा. राहू दे. निघा तुम्ही.