सुकेळी कुणावर गुरगुरली?

हॅलो?… हॅलो, कोण?… हां, पूर्वी! बोल गं. थांब, गॅस बारीक करते… हं, बोल. आवाज का असा तुझा?

काय?… कुठे पाठवताय?… वालीवला? सुकेळीला? अगं, कुत्री आहे की केळीचा घड, टेम्पोत घालून पाठवायला!

कोण म्हणालं?… तुझे सासरे? आमचा दिनानाथदादा?… अगं, त्यानेच तिला केळीच्या टोपलीतून घरी आणली. वाळवलेल्या केळ्यासारखा रंग बघून सुकेळी नाव त्यानेच ठेवलं. आणि आता कुणाच्या तरी गाळ्यावर राखणीला?… साखळीने बांधतील गं तिला तिथे. जन्मभर वाडीत मोकळी हिंडलेली ती.

बरं बरं, रडू नको. आधी सांग, झालं काय?

चावली?… दादाला? कधी, काल?… रक्त आलं?… ओरखडाच ना? पण इंजेक्शन घेतलं ना त्याने?… घेतलं. पुढचीही सगळी घ्यायला लाव, टाळाटाळ करेल तो.

आणि म्हणतो काय?… 'ज्या हाताने भाकरी घातली त्याच हातावर दात'… हो, हो, असंच बोलणार. गावच्या नाटकात कामं करायचा ना, अजून उतरलेलं नाही ते.

टेम्पो कधी येतोय?… निघालाय? अगं मग आधी नाही का फोन करायचा?… हो, बाई, तू नवी सून, तुझं कोण ऐकणार. ठीक आहे. आता ऐक. मी विचारते तेवढं पटापट सांग. ही चांगली कुत्री अचानक बिघडली कशी, ते कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुझ्यावर गुरगुरते का?… नाही. तुझ्या नवऱ्यावर, धवलवर?… नाही. दूधवाल्यावर?… त्याच्या अंगावर उड्या मारते? मग बिघडली कुठे! फक्त दादावर?

सकाळी तो भाकरी घालतो तेव्हा?… शेपूट हलवते. दुपारी?… त्याच्या खाटेखाली झोपते? अगं, मग गुरगुरते कधी?

संध्याकाळी. फक्त संध्याकाळी. दिवेलागणीला?… असं का बरं? सकाळी लाडका आणि संध्याकाळी वैरी?

नाही गं, करणी नाही. कोण म्हणालं करणी?… शेजारच्या सावित्रीकाकू. त्यांना सांग, आधी चष्मा बदला. तू मला सांग, आत्ता सुकेळी काय करतेय?

ओटीवर बसलीय. कशी बसलीय?… म्हणजे मान सरळ आहे की वाकडी?… उजवीकडे कललेली? नेहमीच?… पंधरवडाभर? आणि मान झटकते का सारखी? फडफड आवाज येतो कानांचा?… येतो! मागच्या पायाने खाजवते?… आणि खाजवता खाजवता कण्हते. हं. हं!

नको, नको, कान उचलू नकोस. तोंडही जवळ नेऊ नकोस. दुखत असेल तर तुलाही चावेल उगाच. मला सांग, ती मान झटकते तिथे भिंतीवर काही उडालंय का?

तपकिरी ठिपके… दादा म्हणतो गूळ उडाला? ओटीवर कोण गूळ उडवतं! एक कागदी रुमाल घे आणि पूस ते. ताजं असेल तिथलं… घेतलंस? आता वास घे.

घे गं! मनवेलपाड्याच्या बिल्डिंगीतल्या पोरी ना तुम्ही, कुत्र्याचा वास म्हटलं की नाक मुरडता… घेतला? कसला आहे?… घाण, ते कळलं. कसला घाण?

आंबूस. इडलीचं पीठ उतू गेल्यासारखा… मी ताडी म्हणणार होते, पण इडलीही चालेल. अगं पूर्वी, कान आहे तो! कान पिकलाय तिचा.

कसं म्हणजे? आमच्या मजल्यावरच्या थेरेसाचा ब्रूनो नाही का, लांब कानांचा? त्याचं अगदी असंच झालं होतं. मी गेले होते तिच्याबरोबर डॉक्टरांकडे… मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच गेले. बघायचं होतं मला. डॉक्टरीणबाईंनी कानात दिवा घालून पाहिलं, मग कापसाच्या काडीवर मळ घेतला, काचेवर पुसला, त्यावर रंग टाकला. मी म्हटलं, बाई, मलाही बघू द्या ना त्या नळीतून… दिलं की! जांभळे जांभळे शेंगदाणे गं, ढिगाने. ती म्हणे बुरशी. ओल्या, बंद कानात मजेत वाढते.

सुकेळीचे कान लोंबतेच आहेत. आणि अजून वाडीतल्या तळ्यात, बावखलात डुंबते का ती?… रोज? मग कोण पुसतं तिचे कान?… कोणीच नाही. झालं.

नाही, नाही, थेरेसाकडचे थेंब आणून चालणार नाहीत. मीही हेच विचारलं होतं. बाई म्हणाल्या, आतला पडदा फाटलाय का ते पाहिल्याशिवाय काहीही घालायचं नाही. आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं, कुणाला बुरशी, कुणाला पू, कुणाला किडे…

काय?… अजून कसला वास?… नीट हुंग.

लसूण?

कुत्रीच्या कानात लसूण कुठून आला?… थांब. थांब, थांब, थांब. पूर्वी, संध्याकाळी दिवा लावून झाला की दादा काय करतो? नीट आठव.

पळीत तेल तापवतो… खोबरेल. लसूण टाकून… मग करवंटीत ओततो… कापूस बुडवतो… आणि सुकेळीच्या कानात पिळतो. रोज?… 'मान झटकते बिचारी, म्हणून'… अरे देवा. आणि हे तू मला आत्ता सांगतेस?… हो, बरोबर आहे तुझं, तुला काय माहीत. तुला वाटलं, या घरची रीतच आहे. रीतच आहे गं! आमच्या घरी कान दुखला की लसणाचं तेल. आई धरायची, दादा ओतायचा. मी बोंब मारायचे, जळतंय, जळतंय म्हणून. मला बोलता तरी येत होतं.

अगं, ती त्याच्यावर नाही गुरगुरली! ती करवंटीवर गुरगुरली! आधीच आत आग, त्यात रोज गरम तेल. दुसरं काय करणार होती ती?

दे. फोन दे दादाला… घेत नाही म्हणजे? बसलाय ना तिथेच?… पाठ करून. ठीक आहे, स्पीकरवर टाक. टाकलास?

दादा! मी वसुंधरा… ऐकू येतंय, मला माहीत आहे. उत्तर देऊ नकोस, नुसता ऐक. तिचा कान पिकलाय. तू प्रेमाने करत होतास, पण तिला त्याने जाळ होत होता… अरे, कुत्र्याचं सोड, माणसालाही नाही करत आता असं!

नाही विसरली ती तुला. सकाळी शेपूट हलवते ना? तुझ्याच खाटेखाली झोपते ना?… मग? संध्याकाळी तुझ्या हातात काय असतं, ते आठव की.



पूर्वी, काय झालं? हा हॉर्न कसला?… टेम्पो आला. थांबव त्याला फाटकात. दादा कुठे गेला?… आत? आत कशाला?… करवंटी घेऊन आला? कुठे निघालाय ती घेऊन?… सुकेळी काय करते?… मागे सरकली. बघ! बघितलंस ना आता?

फेकली?… कुठे, बावखलात! बरं झालं, नारळाची तर होती, गेली तर गेली… काय गं? का ओरडलीस?

कोणी उडी मारली?… सुकेळीने?… अरे काढा तिला बाहेर! कान! कानात पाणी जाईल! पूर्वी, हाक मार… धावतोय? दादा धावतोय? पडेल तो, चिखल असतो तिथे…

हॅलो?… हॅलो, पूर्वी?… काय दिसतंय?… पोहते. कशाच्या मागे पोहते?

करवंटी?… तोंडात धरली?

आणि?… बाहेर आली. आणि?… अगं, सांग ना!

दादाच्या पायाशी ठेवली.

 ऐकतेय.

आणि दादा?… चिखलात बसलाय. रडतोय?… असू दे. रडू दे. तिची मान?… त्याच्या मांडीवर? स्वतःहून ठेवली?… कुठला कान वर आहे?… दुखरा. दुखरा कान वर करून निजलीय त्याच्या पुढ्यात.

पूर्वी, डोळे पूस आणि पंचा घेऊन जा. मऊसा, जुना. फोन दे त्याच्या हातात… दादा, बस झालं आता. कान पूस तिचा. बाहेरूनच! बोट आत घालायचं नाही, काडी नाही, तेल नाही, काही नाही. टेम्पो आलाय ना फाटकात? मग त्यातच बसा दोघं… वालीवला कशाला, डॉक्टरांकडे! पूर्वी सांगेल ड्रायव्हरला. मी थेरेसाला विचारते, त्या बाई किती वाजेपर्यंत असतात, आणि मीही पोचते तिथे… हो, येणार. मला बघायचंय तिच्या कानात शेंगदाणे आहेत की दुसरं काही.

काय?… नाही रे दादा. 'चुकलो' म्हणून मी नाही सांगणार तिला, तूच सांग. दुखऱ्या कानात नको, दुसऱ्यात. हळू बोल, ऐकेल ती.

आता फोन ठेव. तिला उचलायला दोन्ही हात लागतील तुला.