उशीर झाल्यास मालकाला थप्पड

...हसा, हसा! पण आधी हा डावा गाल बघा. आणि हा दात... हलतोय की नाही? तुम्हाला सांगतो, किराणा घरपोच देणं हा धंदा नव्हे, दंगा आहे दंगा!

वडिलांपासून चालत आलेलं दुकान माझं. लोक यायचे, पिशव्या भरून जायचे, कुणी कधी हात उगारला नाही. पण हल्ली गिऱ्हाईक तुटलं, दुकान बुडायला आलं, आणि तेवढ्यात बायकोचा धाकटा भाऊ अक्कल घेऊन आला. "भाऊजी, आता आपणच गिऱ्हाइकाच्या घरी जायचं! वीस मिनिटांत!" म्हटलं, आणि उशीर झाला तर? "मोठे लोक सामान फुकट देतात. आपण काहीतरी बिनखर्चाचं देऊ." आणि या महाभागानं मला न विचारता पत्रकं वाटली... 'वीस मिनिटांत सामान न आल्यास मालकाला एक थप्पड मारा!' बिनखर्चाचं म्हणे! गाल कुणाचा? माझा! तुम्हीच सांगा, हा धंदा आहे?

अहो, ऑर्डरींवर ऑर्डरी! मेहुणा फोनवर, मी सायकलवर. आणि मागवतात काय? काडेपेटी! एक काडेपेटी, चौथा मजला! पोचतो तर लिफ्ट बंद. कुणी केली? त्यांनीच! दार ठोठावलं की आतून, "कोण आहे?" "सामान!" "कसलं सामान?" "काडेपेटी हो!" "थांबा हं, चष्मा सापडत नाहीये..." एकविसाव्या मिनिटाला दार उघडतं, चष्मा नाकावरच, आणि फाडकन्! कुस्तीचे एक निवृत्त मास्तर तर आधीपासून हाताला तेल चोळत बसायचे. नव्वदीच्या एक आजी, हात पोचेना म्हणून स्टुलावर चढल्या. स्टूल मीच धरलं! पडल्या असत्या म्हणजे?

सहाव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मास्तरांनी एक हाणली, वर म्हणतात, "नीट बसली नाही, परत." परत? पाच किलो पिठाची पिशवी घातली त्यांच्या छाताडात! त्यांनी मला उचलून जिन्यात आपटलं, मी त्यांच्या पोटरीला कडकडून चावलो, त्यांची बायको लाटणं घेऊन धावली आणि त्या पिठाच्या धुरळ्यात नवऱ्यालाच बडवून गेली... अख्खी बिल्डिंग टाळ्या वाजवतेय! दुसऱ्या दिवशी ऑर्डरी दुप्पट. मेहुणा म्हणतो, "भाऊजी, जम बसला!" माझा जबडा निखळला, आणि याचा जम बसला! हा धंदा आहे?

मग ठरवलं, एकदा तरी हा मेहुणा माझ्या थपडेखाली आलाच पाहिजे. गुडघा धरून घरी बसलो. म्हटलं, आज तू जा. तो निघण्याआधी सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा सोडली आणि बायकोच्या फोनवरून मीच मीठ मागवलं. बाह्या सरसावून दारात उभा! एकोणचाळीस मिनिटांनी आला, घामाघूम, सायकल खांद्यावर. मी हात उगारला, आठवडाभराची सगळी आग त्या हातात... तर यानं खिशातून पत्रक काढलं. "भाऊजी, नीट वाचा. मालकाला मारायचीय."

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "अहो, छापलंय ना तसं? सगळे शेजारी बघतायत. दुकानाचा शब्द आहे!"

काय करणार... गिऱ्हाईक मी, मालकही मीच. तुम्हाला काय वाटलं, हा दात मास्तरांनी हलवला?