खेमराज सरांनी घेतलेला पहिला खेळाडू

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या शाळेच्या प्राचार्या माननीय दीपिका बिसेन मॅडम. बैहरहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे माननीय राकेशजी टेंभरे. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती, माझे मित्र खेमराज गजभिये सर. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या विमलावहिनी. व्यासपीठावरचे मान्यवर, आणि व्यासपीठावर जागा न मिळाल्यामुळे पहिल्या रांगेत जरा फुगून बसलेले मान्यवर. मराठी मंडळाचे पदाधिकारी, शिक्षक बंधू-भगिनी, आणि ज्यांचं अर्धं लक्ष मागे वाढप्यांकडे लागलं आहे असे माझे तमाम मित्रहो, सर्वांना नमस्कार, जय भीम.

मी भोजराज. याच शाळेत गणित शिकवून मागेच निवृत्त झालो. सूत्रसंचालन करणाऱ्या आमच्या श्रुतिकाने मला बजावलं आहे की सर, फक्त पाच मिनिटं. बाई गं, ज्या माणसाबरोबर मी अख्खी नोकरी काढली त्याला पाच मिनिटांत निरोप द्यायला मी काय बसचा कंडक्टर आहे? शिट्टी मारली, उतरा खाली! थोडं सांभाळून घे. आणि हा माइक कुणीतरी जरा वर करा हो. माझ्या छातीचं भाषण नको व्हायला.

आधीच्या वक्त्यांनी खेमराज सर शिस्तप्रिय होते, हे इतक्यांदा सांगितलं की सर स्वतःच मान खाली घालून बसले. खरं आहे ते. बिरसा, उकवा, बालाघाट, जिथे जिथे हा क्रीडा शिक्षक गेला तिथे मैदान साफ झालं आणि पोरं वेळेवर आली. पण शिस्तीवर मी बोलणार नाही. मी खेळावर बोलणार आहे. पांडे सर, आप को समझ में आ रहा है ना? नहीं आया तो भी बैठे रहिए, अंत में सब समझ में आ जाएगा.

मित्रहो, तुमच्यापैकी कितीजणांनी बर्फावरची हॉकी पाहिली आहे? कोणीच नाही. आपण बर्फ पाहिला तो गोळ्याचा नाहीतर मासळी बाजारातला. पण या बालाघाटात चार माणसं अशी आहेत, की जी दर डिसेंबरात एका रविवारी सकाळी खेमराज सरांच्या अंगणात बसून आइस हॉकीच्या सार्वकालिक महान खेळाडूंच्या टीम पाडतात. हसू नका. चौघांपैकी एक मी. दुसरे खुद्द सर. तिसऱ्या आनंदीताई, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर. आणि चौथा तो तिथे खांबाजवळ बसलेला महेंद्र, औषधांच्या दुकानाचा मालक, ज्याचा आवाज तुम्हाला दुकानात शिरायच्या आधीच ऐकू येतो.

आधी आम्ही क्रिकेटच्या टीम पाडायचो. त्यात एकदा अशी जुंपली की महेंद्र आणि मी अख्खा उन्हाळा एकमेकांशी बोललो नाही. सरांचा रजत तेव्हा नुकताच कॅनडात विनिपेगला शिकायला गेला होता आणि बर्फाच्या मैदानावर, रिंकवर, काम करायला लागला होता. फोन लावून आम्हाला तिकडच्या गमती सांगायचा. तोच म्हणाला, "काका, तुम्ही इथली हॉकी घ्या. तुमच्यातल्या कोणीच पाहिली नाही, मंग भांडान कशावरून?" किती भोळं पोरगं! न पाहिलेल्या गोष्टीवरून माणूस जास्त भांडतो, हे त्याला कुठे ठाऊक.

तो व्हिडिओवर रिंक दाखवायचा. बर्फावर गाडी फिरवून गरम पाणी टाकायचं, म्हणजे बर्फ गुळगुळीत होतो. महेंद्र म्हणे, "गरम पान्यानं बर्फ बनते? आमाले येडं समजते का?" सर मात्र आठवडाभर स्टाफरूममध्ये प्रत्येकाला ते गरम पाणी समजावत फिरले. माझा मुलगा बर्फ बनवतो, असं म्हणताना त्यांची मान अशी ताठ व्हायची.

आमचे नियम ऐका. पाळीच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि पाळीपाळीने एकेक खेळाडू आपल्या टीममध्ये घ्यायचा. पहिल्या फेरीत ज्याची पाळी शेवटची, दुसऱ्या फेरीत त्याची पहिली. ही अक्कल माझी, गणिताची. तोंडातून नाव निघालं की ते परत घेता येत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, नाव घेतलं की बाकीच्यांनी ओरडायचं, "साल बोल!" म्हणजे कोणत्या सालचा खेळाडू घेता ते सांगायचं. कारण माणूस काही सगळी वर्षं महान नसतो. बॉबी ऑर घेतला तर सत्तर सालचा, गुडघे धड होते तेव्हाचा. ग्रेट्झकी घेतला तर चौऱ्यांशीचा, भर जोमातला. जो तो आपला खेळाडू त्याच्या सोन्याच्या वर्षातला उचलायचा. कोणाची टीम जिंकली असती, तो निकाल रजत द्यायचा, फोनवरून.

आणि आमचे खेमराज सर काय करायचे? दरवर्षी गॉर्डी हाव घ्यायचे, तोही म्हातारा. पन्नाशी उलटलेला, पांढऱ्या केसांचा! आनंदीताई कपाळाला हात लावायच्या, "सर, हा ऐन जवानीत किती मोठा होता, तेव्हाचा घ्या ना." सर म्हणायचे, "नाई. या साली तो आपल्या दोन्ही पोरांसोबत एका टीममधी खेयला." अशी टीम कशी जिंकणार? कधीच जिंकली नाही. रजत निकाल सांगताना हसायचा आणि म्हणायचा, "बाबा, तुम्ही भावनेत हारता."

आता जरा शांत बसा. मागे कोण आहे ते, प्लेटांचा आवाज थांबवा. मी काही गंमत सांगायला उभा नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही बसलो. रजतचा फोन लागला, पण चेहरा दिसत नव्हता. नेटवर्क नाही म्हणाला. आवाजही खोल गेलेला. आम्ही मनावर घेतलं नाही. चिठ्ठ्या टाकल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा खेमराज सरांना पहिली पाळी आली. महेंद्र हळहळला, गेला आपला ग्रेट्झकी! सरांचा चहा निवला. मग म्हणाले,

"रजत."

आम्हाला वाटलं, फोनवरच्या रजतला काही विचारताहेत. महेंद्रच म्हणाला, "काय विचारून राह्यले त्याले? नाव घ्या ना."

"घेतलं. रजत."

आम्ही हसलो. हो, हसलो. महेंद्र तर मांडीवर थाप मारून ओरडला, "भाऊ, घरचं पोरगं नाई चालत! ऑल टाइम ग्रेट पाह्यजे! बरं, घेतला तर घेतला. साल बोला! बारावीत जिल्ह्यात पहिला आलता त्या सालचा, का विमानात बसला त्या सालचा?"

सर म्हणाले, "यंदाचा."

फोनमधून पोरगा म्हणाला, "बाबा, यंदाचा मी काईच कामाचा नाही."

आणि हा माणूस, ज्याने जन्मात कधी आवाज चढवला नाही, तो फोनवर ओरडला, "तुले विचारून राह्यलो का मी? पाळी माही हाय. मी घेतला!"

विमलावहिनी आत स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी पुढे एकही नाव कोणी घेतलं नाही.

मग आम्हाला कळलं, सर-वहिनींना थोडं आधी कळलं होतं. रजतचा काम करायचा परवाना संपला होता. पुन्हा अर्ज केला, नामंजूर झाला. रिंकचं काम सुटलं. चोरी नाही, मारामारी नाही, काही नाही. तिकडच्या सरकारचे नियम बदलले आणि हजारो पोरांसारखा हाही बाहेर पडला. पण आई-बापाला सांगायला त्याला महिने लागले. काहून? तुम्ही विचारा स्वतःला, काहून.

मी सांगतो काहून. तो गेला तेव्हा याच हॉलमध्ये आपण त्याचा सत्कार केला होता. चौकात त्याचा फ्लेक्स लागला होता, "बालाघाटचा गौरव", हात जोडलेला, मागे विमान. तेव्हापासून गजभिये दांपत्य भाजी घ्यायला निघालं तरी विचारणा सुरू, रजत कवा येऊन राह्यला? पक्का झाला का तिकडं? आमच्या पोराचंही तिकडं काही होते का पाहा म्हणा. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं हो. पण विमलावहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, पुढच्या वर्षी येते, पुढच्या वर्षी येते म्हणू म्हणू मी थकली."

आता या समारंभाच्या सुरुवातीला श्रुतिकाने तुम्हाला एक आवाज ऐकवला. रजतचा शुभेच्छा संदेश, थेट कॅनडाहून. तुम्ही जोरात टाळ्या वाजवल्या. श्रुतिकाचा दोष नाही, तिला जे दिलं ते तिने लावलं. पण कान तिखट असते तर त्यात मागे कुकरची शिट्टी ऐकू आली असती. तो कुकर विनिपेगचा नव्हता. विमलावहिनींचा होता.

होय. रजत घरी आहे. या हॉलपासून चार गल्ल्या पलीकडे, मागच्या खोलीत. नागपूरला उतरला, गोंदियाहून पहाटेच्या गाडीने आला, तोंडाला रुमाल बांधून, आणि तेव्हापासून त्याने घराचा उंबरठा ओलांडला नाही. अंगणात कोणी आलं की आत. दोन घास खातो, ताट सरकवतो. भिंतीकडे तोंड करून पडतो. मंडळी, विमलावहिनींनी त्या खोलीच्या दाराची आतली कडी स्क्रू काढून उपसून टाकली आहे. एका आईने आपल्या तरण्या पोराच्या दाराची कडी का काढली असेल, ते मला मोठ्याने बोलायला लावू नका. खेमराज सर रात्री त्याच दाराशी चटई टाकतात. इतक्या लोकांची पोरं ज्याने धावायला शिकवली, तो आज इथे शाल पांघरून बसला आहे आणि त्याचा जीव तिकडे टांगलेला आहे, आनंदीताई पोराजवळ बसल्या आहेत तरी. मघापासून तुम्ही त्यांना हार घालत होतात, ते हसत होते.

तुम्ही म्हणाल, भोजराज, दुसऱ्याच्या घरची गोष्ट भर सभेत काढायला तुला लाज नाही वाटत? वाटते ना. आज सकाळी मी त्या खोलीत गेलो. म्हटलं, रजत, बाबाचा निरोप समारंभ रोज रोज होत नाही, चल. तो म्हणाला, "काका, मी आलो तर सगळे तेच विचारतीन. मले एकेकाले नाही सांगता येत. तुमीच सांगून टाका. सगळ्याईले माहीत झालं, तर मी येतो." मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी डोळे पुसले आणि मान हलवली. सर म्हणाले, "हौ. सांग तू. माहा आवाज नाही निंगनार." म्हणून हे भाषण. त्या घरच्या तिघांनी मला पाठवलं आहे.

तेव्हा अध्यक्ष महोदया, आपली परवानगी गृहीत धरून मी सभागृहाला विनंती करतो. तो या दारातून आत आला की उठून उभे राहू नका. टाळ्या वाजवू नका. हार तर मुळीच नको. कोणी जवळ जाऊन "हिंमत ठेव" वगैरे सांगू नये, त्याला ते पाठ झालं असेल. भात संपला का, वरण तिखट झालं का, असलं काही बोला. शेजारची खुर्ची सरकवून द्या. आणि ज्यांना अजूनही विचारायचंच आहे की परत काहून आला, त्यांनी कृपा करून जेवून घरी जावं आणि ते आपापल्या बायकोला विचारावं.

राकेशजी, आपलं भाषण माझ्यानंतर आहे, ते थोडं उशिरा झालं तर क्षमस्व. वाढप्यांनो, पंगत जरा थांबवा.

महेंद्र, तू कुठे उठला? ... काय म्हणतो? मोठ्याने बोल, इतर वेळी तर बोलतोस. ... "मी घेऊन येतो त्याले." ऐकलंत? जा बाबा. गाडी हळू चालव. आणि रस्त्यात त्याच्याशी काही बोलू नको, तुला जमलं तर.

खेमराज सर, रडा हो. काही बिघडत नाही. पाणी द्या कुणी वहिनींना.

मी थांबतो. मंडळाने मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी सगळ्यांचा मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल, काही जास्तीचं निघालं असेल, तर त्याची माफी मी मागतो, आणि माफ मलाच करा. त्या पोराकडून माफी मागण्यासारखं काहीही झालेलं नाही.