फुटपाथवरच्या दोन गाड्या

बोलिव्हियातल्या सुक्रे शहराच्या नगरपालिकेत, खाद्यविक्रेत्यांच्या आरोग्यकार्डाच्या रांगेत, माझ्यापुढे तामाल, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेले मक्याचे गोळे, विकणारी तेओदोरा आणि तिची मैत्रीण ओतिलिया उभ्या होत्या.

“ओतिलिया, माझ्या शेजारच्या गाडीवाल्या हेर्मेलिंदाविरुद्ध तक्रार मीच केली होती.”

“अगं बाई! कशाबद्दल?”

“तिच्या गाडीनं फुटपाथ अडतो म्हणून. रोज तिच्यापुढे ही गर्दी, आणि मी शेजारी माशा हाकत बसायची.”

“मग?”

“पालिकेचा साहेब टेप घेऊन आला. आधी तिची गाडी मोजली, मग माझीही मोजली. दोघींनाही उठवलं.”

“म्हणजे दोघी घरी?”

“छे! तिचं आरोग्यकार्ड चालू होतं, तिला मंडईत गाळा मिळाला. माझं संपलेलं. म्हणून ही रांग.”

“तिचे तामाल चांगले असतात गं.”

“तूही खातेस?”

“कधीतरी. बरं, तुला कुठला गाळा मिळणार?”

“एकही शिल्लक नाही. हेर्मेलिंदानंच निरोप धाडलाय, कार्ड करून ये, अर्धा गाळा तुझा.”

“तक्रार कुणी केली ते तिला ठाऊक नाही वाटतं?”

“आहे की. साहेबानं तिच्यासमोरच तक्रारीवरचं माझं नाव वाचलं.”

“आणि तरी बोलावते? देवमाणूस आहे बाई!”

“बघ, तूही तिलाच देवमाणूस म्हणतेस! जाईन मी. पण गाळ्याची मंडईच्या दाराकडची बाजू मलाच हवी.”