पिशवीतला विळा

कमरुद्दीन : पण सहलीला विळा कशाला लागतो, ते सांग ना सुगरा. चष्मा शोधायला तुझ्या पिशवीत हात घातला, तर बोट कापता कापता वाचलं.

सुगरा : असू दे. तुमी आधी चहा प्या.

कमरुद्दीन : तरीच पनवेल सोडल्यापासून पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाहीस. तुझ्या माहेरी, मुरुडला, विळे मिळत नाहीत की काय? बरं, ते सोड. इकडे बघ, भात कसं पिवळंधम्मक झालंय, आणि लगेच पलीकडे समुद्र. कुवेतहून सुट्टी मिळायची ती मे महिन्यात. हे ऑक्टोबरचे दिवस मी या वयात पहिल्यांदा बघतोय. तू मात्र लबाड. दरवर्षी पाऊस संपला की हवापालट म्हणून एकटी मुरुडला पळायचीस.

सुगरा : हवापालटाला नाय जायची मी.

कमरुद्दीन : मग?

सुगरा : कब्रस्तानात गवत कापायचं असायचं. मुख्तारभाई आत जायचा, मी भिंतीबाहेर उभी राहायची. या पावसाळ्यात भाई गेला. आपल्यात बायका आत जात नाय. म्हणून तुमाला आणलं.

कमरुद्दीन : मुख्तारच्या कबरीवरचं गवत कापायचंय? मग सरळ सांगायचं की. एवढं लपवायचं काय त्यात?

सुगरा : भाईचं त्याची पोरं बघतील. दुसरी कबर हाय. लहान हाय, गवत वाढलं की दिसत नाय.

कमरुद्दीन : कोणाची?

सुगरा : आपल्या मुलाची.

कमरुद्दीन : काय बोलतेस तू? सकाळी ओवेसनं गाडीची चावी दिली माझ्या हातात.

सुगरा : ओवेसच्या आधीचा. रुमानाबरोबर झालेला. जुळी झाली होती मला.

कमरुद्दीन : हा पेला धर. जुळी?

सुगरा : मुलगा आठवडाभर पण नाय राहिला. तुमी नुकतेच गेला होतात. तुमची अम्मी आली होती मुरुडला बाळंतपणाला. ती म्हणाली, परदेशी माणसाला इंतकालची खबर देऊ नये. तिथं एकटा रडत बसेल, नायतर नोकरी टाकून परत येईल. आला की सांगू.

कमरुद्दीन : अम्मीला ठाऊक होतं.

सुगरा : शेवटचं न्हाऊ तिनंच घातलं त्याला.

कमरुद्दीन : अरे, पण मी आलो ना पुढे सुट्टीवर! तेव्हा?

सुगरा : रुमानाला खांद्यावर घेऊन मोहल्लाभर फिरलात. भेटेल त्याला पेढा देत होतात. माझं तोंडच उघडलं नाय. अम्मी म्हणाली, जाताना सांगू. मग म्हणाली, पुढच्या सुट्टीत. मग अम्मी पण गेली.

कमरुद्दीन : कॅसेट पाठवली होतीस तू. बाळाचं रडणं भरून. रूमवर सगळ्यांना ऐकवायचो मी ती. म्हणायचो, बघा माझी पोरगी, श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाही. फीत तुटेपर्यंत ऐकली.

सुगरा : थांबायची ती. ती थांबली की हा सुरू करायचा. दोघं होती त्यात.

कमरुद्दीन : नाव काय ठेवलंत?

सुगरा : तुमीच ठेवलेलं. विमानतळावर सांगून गेलात, मुलगी झाली तर रुमाना, मुलगा झाला तर अझहर.

कमरुद्दीन : म्हणून ओवेसच्या वेळी भांडलीस. अझहर नको म्हणजे नको. मी अबोला धरला होता तुझ्याशी, सुट्टी संपत आली तरी.

सुगरा : एकाला दिलेलं नाव दुसऱ्याला कसं देऊ?

कमरुद्दीन : मला राग यायला हवा तुझा. फार यायला हवा. उद्या येईल कदाचित. फोनवर मला सांगायचीस, मुरुडला हवा मस्त आहे. आणि तू तिथं भिंतीबाहेर उभी.

सुगरा : हवा मस्तच असते तेव्हा. तेवढं खोटं नाय बोलले.

कमरुद्दीन : बस गाडीत. चल.

(मुरुडच्या कब्रस्तानाची भिंत कमरुद्दीनला वाटलं होतं त्यापेक्षा बुटकी निघाली. तो विळा घेऊन आत गेला. सुगरा तिच्या नेहमीच्या जागी बाहेर थांबली.)

सुगरा : अजून पुढे. आंब्याच्या बुंध्याशी. भाईनं पांढरा दगड ठेवलाय.

कमरुद्दीन : सापडला.

सुगरा : जपून. गवतात काटे असतात.

कमरुद्दीन : हं.

सुगरा : अहो, झालं का कापून?

कमरुद्दीन : कधीच झालं. फातिहा पण पढून झाला.

सुगरा : मग या ना बाहेर. ऊन चढलं. भाभी जेवायची थांबलीय.

कमरुद्दीन : तिला फोन कर. म्हणावं, जेवून घे.

सुगरा : अजून वेळ लागेल तुमाला?

कमरुद्दीन : लागेल. पहिल्यांदाच भेटतोय.